कानफाट्याची रेघ

११ जानेवारी

प्रिय भिंगरी,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्राचं बरं असतं, ते उचललं नाही तरी दारात पडून राहतं. कधीतरी केर काढताना हाताला लागेल.

भांडायला लिहीत नाहीये. तुझे बाबा म्हणाले की शाळेत तुला आता वरचे वर्ग दिलेत आणि घरमालकीण फार बोलकी आहे. दोन्ही ऐकून बरं वाटलं. तुझी आई माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्हीच विचारा की तिला काय ते." मी टेबल पुसायला घेतलं. टेबल स्वच्छच होतं.

माझ्या घरातली तुझी खोली आहे तशीच आहे. फक्त खिडकीपाशी मी इस्त्रीचं टेबल लावलंय, कारण उजेड तिथेच चांगला येतो. तू परत आलीस तर लगेच काढीन. नाही आलीस तरी इस्त्री काही रोज करत नाही.

तू त्या दिवशी माझा विसरलेला डबा घेऊन आमच्या प्रयोगशाळेच्या प्राणीगृहात आलीस आणि दारातून जे पाहिलंस, ते काय होतं हे तू विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. महिन्याभरात तू लांबच्या गावी नोकरी धरलीस. आता सांगते. पटलं नाही तर पत्र ठेवून दे.

आपल्याला जखम झाली, जंतू शिरले, की सूज येते. ती यायलाच हवी. पण आलेल्या सुजेला "झालं तुझं काम, आता घरी जा" असं सांगणारंही शरीरात कुणीतरी लागतं. तसं एक प्रथिन माणसाच्या अंगात असतं. काही मुलांमध्ये ते जन्मापासून कमी पडतं. त्यांना ताप येतो, तोंड येतं, सांधे सुजतात, मग उतरतं आणि पुन्हा सगळं येतं. नुसतं बघून कारण कळत नाही. रक्तातल्या पेशींमध्ये ते प्रथिन किती आहे हे शोधायचं, तर त्याला ओळखणारं काहीतरी हवं. ते ओळखणारं म्हणजे अँटिबॉडी. आम्ही प्रतिपिंड म्हणतो.

आता ससा. माणसाचं ते प्रथिन सशाला टोचलं की सशाचं शरीर त्याला परकं समजतं आणि त्याला धरणारे प्रतिपिंड तयार करतं. मग सशाच्या कानाच्या शिरेतून थोडं रक्त घ्यायचं. कान आधी मलम लावून बधिर करतो. तू पाहिलंस ते एवढंच. गोम अशी आहे की या प्रथिनाचा एक चुलतभाऊ आहे, दिसायला डिट्टो तसाच. बहुतेक सशांचे प्रतिपिंड दोघांनाही धरतात. चोराला पकडायला जावं आणि शेजाऱ्यालाही बेड्या घालून आणावं, तसं. अशा तपासणीचा डॉक्टरांना उपयोग शून्य. आमच्याकडच्या इतक्या सशांत एकाच सशाचे प्रतिपिंड फक्त चोराला धरतात. तू पाहिलास तो हाच.

प्राणीगृहात आम्ही प्राण्यांना नावं ठेवत नाही. नावं ठेवायचं काम माणसांपुरतं राखून ठेवलंय. या सशाच्या डाव्या कानाला लहानपणी भावंडांनी चावून खाच पाडली, म्हणून त्याला कानफाट्या म्हणतात. कोण म्हणतं ते विचारू नकोस. एकदा नाव पडलं की पडलं.

उत्तराची अपेक्षा नाही. थंडी असेल तर कानाला बांधत जा.

तुझी,
आत्या

२ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

मागचं पत्र परत आलं नाही, म्हणजे पत्ता तरी बरोबर आहे.

इथे कामाची गडबड आहे. या प्रथिनाचं सगळं काम ज्या पाहतात त्या शास्त्रज्ञ बाई, ज्यांना अख्खी इमारत पाठीमागे प्रथिनबाई म्हणते, परवा माझ्या खोलीत आल्या. त्या कधी बसत नाहीत, परवा बसल्या. म्हणाल्या की कानफाट्याच्या रक्तात प्रतिपिंडांचं प्रमाण उतरायला लागलंय. ससा म्हातारा झालाय. नवीन सशांना टोचून पाहिलं, सगळे त्या चुलतभावाला धरून बसलेत. फ्रीजमध्ये साठा तळाला गेलाय आणि पलीकडच्या रुग्णालयातले मुलांचे डॉक्टर रोज विचारतात.

मग त्यांनी एक कागद पुढे केला. त्याला आमच्याकडे "शेवटचं रक्त" म्हणतात. सशाला भूल देतात, अंगातलं सगळं रक्त काढून घेतात आणि मग त्याला उठवायचं कारण उरत नाही. सशाला काही कळत नाही, हे खरं आहे. कागदावर पशुवैद्याची सही लागते. म्हणजे माझी.

नेहमीचाच कागद आहे. असे पुष्कळ कागद सह्या करून दिलेत. तेवढ्या रक्तात रुग्णालयाची बरीच वर्षं निघतील. ससा म्हाताराच आहे, हेही खरं.

सही उद्या करते म्हटलं. पेन सापडत नव्हतं.

आईला फोन करत जा. ती माझ्याकडून तुझी बातमी काढायला बघते, आणि माझ्याकडे तर तिच्याकडूनच आलेली बातमी असते.

आत्या

१६ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

सही केली नाही.

तुझ्यामुळे नाही, हे आधीच सांगून ठेवते, उगाच तुला वाटायला नको. तू त्या दिवशी दारात उभी राहून म्हणाली होतीस, "आत्या, तू यांना बरं करायला शिकली होतीस ना?" त्यावर मी आजही वाद घालू शकते. आजारी मूल आणि ससा यांतलं एक निवड म्हणशील तर मी मूलच निवडीन. पण दोन्ही राहण्यासारखे असतील, तर एकाला मारायची घाई का?

म्हणून मी प्रथिनबाईंकडे गेले. आमच्या धंद्यात हल्ली एक नवी तऱ्हा आलीय. सशाचं थोडंसंच रक्त घ्यायचं. त्यातल्या पांढऱ्या पेशींमधली नेमकी कुठली पेशी हा प्रतिपिंड बनवते, ते शोधायचं. म्हणजे गळाला ते प्रथिन लावायचं आणि जी पेशी येऊन चिकटेल ती उचलायची. मग तिच्या पोटातली कृती वाचून घ्यायची आणि ती काचेच्या भांड्यात वाढवलेल्या पेशींना शिकवायची. एकदा शिकल्या की प्रतिपिंड मिळतच राहतो. पुढे ससा लागत नाही, हा तर नाहीच, दुसराही नाही.

प्रथिनबाईंना ही तऱ्हा माझ्याहून जास्त माहीत आहे. त्या म्हणाल्या, "गवताच्या गंजीत सुई शोधायची आणि तीही नेमकी हवी ती. नाही सापडली तर? आणि मधल्या दिवसांत ससाच गेला तर?" बाई वाईट नाहीत. त्यांच्या टेबलावर ज्या मुलीचे रिपोर्ट पडलेत, तिला तीन वर्षांची असल्यापासून ताप येतोय. नातेवाईक म्हणतात की लाडावलीय, शाळा बुडवायची सवय लागलीय. तुला वर्गात अशी मुलं भेटत असतील. बाईंच्या डोळ्यांपुढे ती मुलगी आहे, माझ्या डोळ्यांपुढे ससा. दोघींचंही चुकत नाही, म्हणूनच भांडण लांबलं.

शेवटी त्यांनी मला मुदत दिली. मधे ससा दगावला तर जबाबदारी माझी, असं सगळ्यांसमोर म्हणाल्या. मी हो म्हटलं आणि बाहेर येऊन जिन्यात बसले.

पेशी जाग्या व्हाव्यात म्हणून त्याला एकदा शेवटची टोचणी द्यावी लागते, मग आठवड्याभरानं रक्त घेणार. टोचणी मीच दिली. फार शांत होता. तो नेहमीच शांत असतो, त्यानंच जास्त त्रास होतो.

मी रविवारीही प्राणीगृहात जाते असं तुझ्या बाबांनी तुला सांगितलं असेल. पिंजऱ्यांची हवा नीट खेळते की नाही ते बघायला जाते.

आत्या

२४ फेब्रुवारी

भिंगरी,

हे पत्र घाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

टोचणीनंतर चार दिवसांनी कानफाट्यानं खाणं सोडलं. सकाळी गेले तर गवत जसंच्या तसं. पिंजऱ्याखालच्या ट्रेमध्ये एक लेंडी नाही. सशाचं हे असं असतं, त्याचं पोट थांबलं की ससा थांबतो. माणूस उपाशी राहून चिडतो तरी, ससा नुसता कोपऱ्यात बसून राहतो आणि बघता बघता जातो. पोटाला स्टेथोस्कोप लावला. एरवी सशाच्या पोटात कायम गुडगुड चालू असते, तिथे चिडीचूप.

त्याला वाचवायला निघाले मी आणि माझ्याच टोचणीनं ही वेळ आणली, असं मनात आलं. टोचणीमुळेच झालं असं नाही, वयही आहे. पण मनाला कोण समजावणार?

प्रथिनबाई धावत आल्या. सशाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. हळू आवाजात म्हणाल्या, "आत्ता घेतलं तर निदान रक्त हाती लागेल. तो गेल्यावर काहीच लागणार नाही."

बरोबर बोलत होत्या. तेच तर कठीण होतं. मी इतकंच म्हणाले, "तो मेलेला नाही, आजारी आहे. आणि आजारी जनावर पुढ्यात आलं की मी उपचार करते, बाई. मला तेवढंच येतं."

मला वाटलं, आता त्या वर जाऊन तक्रार करणार. त्यांनी कोट काढला, बाह्या सरसावल्या आणि विचारलं, "टॉवेल कुठे असतात?"

मग दिवसभर आम्ही दोघी. त्यांनी त्याला टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरलं, मी गवताच्या भुकटीची पेज करून सिरिंजनं तोंडाच्या कडेतून थोडी थोडी भरवली. कातडीखाली सलाइन, दुखायचं औषध, पोट हलवायचं औषध. गरम पाण्याची पिशवी. मग पोटावरून हात फिरवत राहायचं. प्रथिनबाईंनी या सशाच्या रक्तावर कितीतरी वर्षं घालवली आणि त्याला हात मात्र त्या दिवशी पहिल्यांदा लावला. म्हणाल्या, "किती हलका आहे हो हा." मी पेजेची पुढची सिरिंज भरली. आपण बोललो की समोरच्याचं म्हणणं संपतं.

दुपारी पोटात एकदा गुडगुडलं. मग बराच वेळ काही नाही. संध्याकाळ व्हायला आली तशी मी त्याला खाली सोडलं. तो दोन पावलं गेला, थांबला आणि मागे लेंड्यांची एक छोटीशी रांग ठेवून पुढे सरकला. भिंगरी, आयुष्यात कुणाच्या लेंड्या बघून मला इतका आनंद झाला नव्हता. प्रथिनबाई वाकून बघत म्हणाल्या, "आकार बरा आहे ना?" एवढी शिकलेली बाई. आम्ही दोघी जमिनीवर बसून हसत सुटलो.

नंतर घरी जाताना गाडीत रडू आलं. तुला सांगायचं नव्हतं, पण लिहून झालं. आता खोडलं तरी खालचं दिसेलच.

आत्या

६ मार्च

प्रिय भिंगरी,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर तीनच शब्द, "तो खातोय का?" कार्डाची दुसरी बाजू उलटून पाहिली, तिथे शिक्काच होता. तरी दोनदा उलटली.

खातोय. आधी मुळ्याचा पाला, मग गवत, आता पाण्याची वाटी पालथी करण्यापर्यंत मजल गेलीय. अंगात जोर आल्याचं लक्षण. रक्त घेतलं, चमचाभर. कान आधी बधिर केला होता आणि प्रथिनबाई शेजारी उभ्या राहून त्याला गाजर भरवत होत्या. आता त्याला कुणी कोपऱ्यातला ससा म्हणालं तर त्याच "कानफाट्या" म्हणून दुरुस्त करतात.

रक्त वरच्या मजल्यावर गेलंय. आता पाळी पेशींची. माझं काम संपलं, वाट बघायचं तेवढं राहिलं. ते मला जमत नाही हे तुला माहीतच आहे. तुझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशी मी सगळे पडदे धुतले होते.

तुझा घसा बरा आहे का? वरच्या वर्गांना शिकवायचं म्हणजे ओरडावं लागत असणार.

आत्या

१२ एप्रिल

प्रिय भिंगरी,

झालं. आधी तेच लिहिते, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील.

मधे फार वाईट गेलं. गळाला लागलेल्या पहिल्या पेशींचे प्रतिपिंड काचेत तयार झाले, तपासले, तर ते चुलतभावालाच मिठी मारून बसलेले. दुसरी खेप केली, तर ती कुणालाच ओळखेना. प्रथिनबाई जिन्यात भेटल्या की दोघी हवापाण्याच्या गप्पा मारायचो. साठा अगदी संपत आला होता आणि तो "शेवटचं रक्त"चा कागद अजून माझ्या खणात होता. कुणी मागितला नाही, पण कुणी फाडायलाही सांगितला नव्हता.

मग दहा दिवसांपूर्वी दुपारी वरून बोलावणं आलं. त्यांच्या हातात एक पांढरी पट्टी होती, बोटभर रुंद. अशा पट्टीवर डावीकडे माणसाच्या साध्या पेशींचा अर्क चढवलेला असतो आणि उजवीकडे ज्यांतून ते प्रथिन मुद्दाम काढून टाकलंय अशा पेशींचा. चुलतभाऊ मात्र दोन्हीकडे असतो. प्रतिपिंड खरा असेल तर डावीकडे एकच रेघ उमटायला हवी आणि उजवीकडे काहीच नाही. उजवीकडे रेघ आली, की समजायचं त्यानं चुलतभावाला धरलं.

डावीकडे रेघ होती. बारीक, काळी, पेन्सिलनं ओढल्यासारखी. उजवीकडे कोरं.

मी विचारलं, "पुन्हा करून पाहिलं?"

"तिसऱ्यांदा करतेय," त्या म्हणाल्या. "तुम्हाला आधीच बोलावणार होते, पण म्हटलं खोटी आशा नको."

मग त्यांनी चष्मा काढून पुसला. मी पट्टी खिडकीपाशी नेऊन पाहिली. उजवीकडे कोरंच होतं. पाठीवरचं ओझं उतरलं म्हणतात ना, मला वाटायचं ती आपली बोलायची पद्धत आहे. खरंच उतरतं. खांदे खाली आले माझे. कागद मी खाली येऊन फाडला आणि सशांच्या खाली अंथरतात त्या कागदाच्या चिंध्यांत टाकला.

त्या मुलीचा नमुना पहिला घेतला. तिच्या पेशींत ती रेघ फार फिकट आली, म्हणजे प्रथिन कमी आहे. मी रुग्णालयात नवीन नळ्या पोचवायला गेले होते, तेव्हा तिची आई बाकावर बसलेली होती. मुलीला जन्मभर पुरणारा आजार आहे असं तिला नुकतंच सांगितलेलं आणि बाई हसत होती. मला म्हणाली, "आता निदान त्याला नाव आहे. इतकी वर्षं सगळे म्हणायचे, तुझ्या मुलीची नाटकं." मुलांच्या डॉक्टरांनी सूज आवरणारं नेमकं औषध सुरू केलंय. कालपर्यंत ताप आलेला नाही. डॉक्टर म्हणतात, आत्ताच हुरळून जाऊ नका. मी गेलेय.

आत्या

२९ एप्रिल

प्रिय भिंगरी,

या वेळी कार्ड नाही, दोन पानी पत्र! तिसऱ्या पानाला जागा होती, पण मी हावरटपणा करत नाही.

तू विचारलंस, "बाकीच्या सशांचं काय?" खरं सांगते. या प्रथिनासाठी ठेवलेले सगळे ससे मोकळे झाले. ते एकेक करून लोकांच्या घरी जातायत. दोघांना प्रथिनबाईंच्या शेजाऱ्यांनी नेलं. पण प्राणीगृह बंद झालेलं नाही. दुसऱ्या प्रथिनांसाठी ससे आहेत आणि मी अजून तिथेच काम करते. एवढं ठरलंय की नवीन काम आलं तर आधी काचेच्या भांड्यात जमतं का ते बघायचं, न जमल्यास ससा. तुला हे कमी वाटेल. मलाही कधीकधी वाटतं. पण परवापर्यंत एवढंही नव्हतं.

तू शनिवारी येतेयस, पण पिंजऱ्यांच्या खोलीत पाऊल टाकणार नाहीस, असं लिहिलंयस. नको टाकूस. घरी ये. कानफाट्या गेल्या आठवड्यापासून इथेच आहे. इस्त्रीचं टेबल काढलं, तुझ्या खोलीत त्याला मोकळं सोडलंय. तुला चालत नसेल तर तो माझ्या खोलीत येईल आणि मी बाहेर झोपेन.

आधी तो भिंतीला चिकटून पिंजऱ्याएवढ्याच जागेत फिरायचा. चौकोन काढायचा नुसता, बाकीची खोली आहे हे त्याला माहीतच नव्हतं. रोज थोडा थोडा पुढे आला. आज सकाळी मी वाटी भरायला गेले, तर तो खोलीच्या मधोमध आडवा पडलेला. पाय लांब, मान टाकलेली, पोट उघडं. हातातली वाटी पडली माझ्या. इतकी वर्षं पशुवैद्य आहे, पण गुडघ्यांवर आपटत गेले त्याच्यापर्यंत आणि हात लावला.

अंग गरम होतं. त्यानं एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं, झोपमोड झाल्यासारखं, आणि पुन्हा मिटला.

ससा असा कुशीवर पसरून झोपतो ते भीती पार गेली की. पुस्तकात वाचलं होतं, विद्यार्थ्यांना सांगितलंही होतं. पिंजऱ्यात एकही ससा मी कधी असा झोपलेला पाहिला नाही. मी तिथेच फरशीवर बसले. तो झोपला आणि मी नुसती बघत राहिले. मग शेजारी वही होती, ती ओढून हे लिहायला घेतलं.

आता अडचण अशी आहे की गुडघे उठू देत नाहीत. मघापासून दोनदा प्रयत्न केला. घाई काही नाही. शनिवारी येशील तेव्हा हात दे.

तुझी,
आत्या